सात रकान्यांतली शून्यं

तुम्ही नेमकं काय करता, असं कोणी विचारलं तर हल्ली मी सांगते, की मी फेकून देते. पूर्वी नीट उत्तर द्यायचे. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. जन्मापासून इथे सदाशिव पेठेतच, त्यामुळे कोणालाही काहीही विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार. एकदा जिन्यात गाठून त्यांनी विचारलं आणि मीही हातात भाजीची पिशवी घेऊन वीस मिनिटं समजावत उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे सरकार आपल्याला कचरा टाकायचा पगार देतं. आमच्याकडे त्यासाठी घंटागाडी येते." त्यांचं फारसं चुकतही नव्हतं.

मी ज्या प्रयोगात गेली चोवीस वर्षं काम करते आहे तो युरोपात आहे. जमिनीखाली खोलवर एक मोठा गोल बोगदा आहे आणि त्यातून प्रोटॉनचे दोन झोत एकमेकांच्या विरुद्ध दिशांनी फिरतात. ठरावीक जागी ते समोरासमोर येतात, सेकंदाला चार कोटी वेळा. त्या जागेभोवती पाचमजली इमारतीएवढं यंत्र बांधलेलं आहे, तो आमचा डिटेक्टर. अगदी आत सिलिकॉनच्या पट्ट्या असतात, त्यांमधून विद्युतभार असलेला कण गेला की त्याची वाट कळते. त्याबाहेर जड धातूचे आणि स्फटिकांचे थर. बहुतेक कण तिथे अडतात आणि किती ऊर्जा घेऊन आले होते ते सांगून जातात. सगळ्यांत बाहेर, एवढं सगळं पार करून येणाऱ्या चिवट कणांसाठी वायू भरलेल्या पेट्या. प्रत्येक वेळी या सगळ्यांतून आकडे निघतात. ते सगळे साठवायला जगात जागा नाही, आणि तेवढ्या वेगानं बाहेर आणायला तारा नाहीत.

म्हणून निवड करावी लागते. तिला आम्ही ट्रिगर म्हणतो, आणि ती दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात यंत्राजवळची इलेक्ट्रॉनिक्स ढोबळ नजर टाकते. कुठे बरीच ऊर्जा एका जागी पडली आहे का, बाहेरच्या पेट्यांपर्यंत कोणी पोचलं आहे का, एवढंच बघते. तिच्या हातात वेळ असतो तो सेकंदाच्या दशलक्षाव्या भागांत मोजायचा. तेवढा वेळ आकडे तिथेच रांगेत उभे असतात, आणि निकाल 'नको' असा आला की पुसले जातात. चार कोटींतले लाखभर उरतात. दुसऱ्या टप्प्यात दालनभर संगणकांवर त्याच टकरी जरा सावकाश, जरा बारकाईनं तपासल्या जातात आणि हजार-दोन हजार उरतात. त्या डिस्कवर जातात, मग टेपवर, मग जगभरच्या केंद्रांत. जे ठेवलं त्यावर पुढे दहा वेळा प्रक्रिया करता येते. यंत्राची मोजमापं सुधारली, की सहा महिन्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून करतात. जे फेकलं त्याचं काहीच करता येत नाही. नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या तासाला हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐटीत म्हटलेलं आहे. आता ते म्हणावंसं वाटत नाही.

काय ठेवायचं, याच्या अटींची एक लांबलचक यादी असते. तिला आम्ही मेनू म्हणतो. प्रत्येक अटीपुढे आठ रकाने असतात. झोत एकदा भरला की दहा-बारा तास फिरतो आणि टकरी होत होत विरळ होत जातो. सुरुवातीच्या गर्दीसाठी पहिला रकाना, दोन-अडीच तासांनी दुसरा, मग तिसरा, असं पुढे सरकायचं. रकान्यात एक लिहिलं असेल तर अटीत बसणारी प्रत्येक टक्कर ठेवायची. शंभर लिहिलं असेल तर शंभरांतली एक ठेवायची. शून्य म्हणजे ती अट बंद. ही यादी सांभाळणाऱ्या मंडळींत मी आहे. वर्षातले काही आठवडे माझी पाळी असते आणि ती पुण्यातूनच करता येते. तिकडची सकाळ म्हणजे इथली दुपार, त्यामुळे जेवण झालं की लॅपटॉप उघडायचा आणि तिकडच्या नियंत्रण कक्षातल्या माणसांनी काही विचारलं तर उत्तर द्यायचं. वय छप्पन्न झालं. नव्या मुलांचा उत्साह पाहून मला हल्ली आधी झोपच येते. पण काम हाताला इतकं बसलेलं आहे, की डोळे मिटून करता येतं असं मी म्हणायचे. तेच मी केलं.

माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. हडपसरची. वडील लहानपणीच गेलेले, आई महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होती आणि आता निवृत्त. घरात पीएचडीला आलेली ही पहिलीच. मुलाखतीच्या वेळी तिनं कागदपत्रांची जाड फाइल आणली होती, त्यात बालवाडीच्या प्रगतिपुस्तकापासून सगळं होतं. आम्ही चौघं परीक्षक फाइल बघून हसलो होतो. ती हसली नव्हती.

तिचं काम अशा कणांचं होतं जे जन्मल्याबरोबर फुटत नाहीत. ते थोडं अंतर चालून जातात आणि डिटेक्टरच्या बाहेरच्या थरांत जाऊन, जरा उशिरानं फुटतात. ते आहेत की नाहीत हे कोणालाच माहीत नाही. असतील तर नेहमीच्या अटी त्यांना ओळखत नाहीत, फेकून देतात, कारण यंत्राच्या मते ते वेळेवर आलेले नसतात. म्हणून तिनं स्वतःची एक नवी अट लिहिली. मेनूत नवी अट घालून घेणं म्हणजे भरलेल्या बसमध्ये आणखी एक माणूस चढवणं. आधी चढलेले सगळे तक्रार करतात. दीड वर्ष ती बैठकांतून भांडली, परक्या लोकांसमोर, परक्या इंग्रजीत, आणि सेकंदाला पाच-सात टकरी एवढी जागा तिनं मिळवली. ज्या दिवशी तिची अट आठही रकान्यांत एक घेऊन मेनूत आली, त्या दिवशी तिनं विभागात सगळ्यांना चितळ्यांसारखी दिसणारी पण हडपसरच्या दुकानातली बाकरवडी वाटली. मला वेगळा पुडा दिला.

त्या वर्षीचा डेटा तिला फार गरजेचा होता. जुन्या डेटावर दुसऱ्या एका गटानं तेच काम केलेलं होतं, आणि त्यांच्या पुढे जायचं तर ही नवी अट आणि हा नवा हंगाम, एवढंच तिच्या हातात होतं. फेलोशिपची मुदतही त्याच वर्षाअखेर संपत होती. हे मला पूर्णपणे ठाऊक होतं.

माझी पाळी असलेल्या एका आठवड्यात बाहेरच्या पेट्यांचा एक विभाग बिघडला आणि खोटे संदेश पाठवू लागला. तिची अट त्याच थरांवर अवलंबून, त्यामुळे सेकंदाला पाच-सात टकरींच्या जागी ती हजारांनी ठेवू लागली. दुसऱ्या सगळ्यांची जागा खाऊ लागली. अशा वेळी करायचं ते मी केलं: तिची अट बंद. आठ रकान्यांत आठ शून्यं घातली, लॉगबुकात नोंद केली, तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे मॅडम, उद्या परवा चालू होईल ना? मी म्हटलं, म्हणजे काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडच्या माणसांनी बिघडलेला विभाग वेगळा काढला आणि मला कळवलं, की अट पूर्ववत करा. मी तेव्हा पेठेतल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात बसले होते. नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. बाकावर दाटीवाटीनं बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी फाइल उघडली. झोत नुकताच भरलेला होता, म्हणजे पहिला रकाना चालू होता. तिथलं शून्य खोडून एक घातला. तेवढ्यात आतून नवऱ्याचं नाव पुकारलं. निदान आत्ताचं तरी चालू होऊ दे, बाकीचे सात घरी जाऊन भरू, असा विचार करून मी फाइल जतन केली आणि पाठवून दिली. आमच्यात पद्धत अशी, की एकानं बदल केला की दुसऱ्यानं तपासायचा. दुसऱ्यानं तपासला. तो पहिलाच रकाना बघत होता, कारण तोच चालू होता, आणि तिथे एक होता. मी लॉगबुकात लिहिलं, 'अट पूर्ववत.' मग डोळ्यात दर दोन तासांनी कुठले थेंब घालायचे ते समजून घेतलं, रिक्षा केली, घरी आले, नवऱ्याला झोपवलं आणि स्वतःही झोपले.

पुढे सात आठवडे तिची अट दर वेळी झोत भरल्यावर पहिले दोन-अडीच तास चालत राहिली. नंतर बंद. रोजची तपासणी झोत भरल्या भरल्या होते आणि सुरुवातीला सगळं ठीक दिसायचं. एवढ्या छोट्या अटीकडे दुसरं कोण बघणार? बघणारी एकच होती.

तिनं पाहिलं. तिचे आकडे अपेक्षेच्या पावपट येत होते. पहिल्यांदा ती आली तेव्हा मी म्हटलं, कोड परत बघ. आठवड्याभरानं ती दुसऱ्यांदा आली. सगळा कोड तिनं पहिल्यापासून लिहून काढला होता, उत्तर तेच. उठता उठता तिनं भीत भीत विचारलं, "मॅडम, ट्रिगर बंद तर राहिला नसेल ना?" मी म्हटलं, "अगं, मी स्वतः चालू केला होता." ती लगेच सॉरी म्हणाली. तिनं ते तपासायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. पाच मिनिटांचं काम होतं. पण तिच्या गाइडनं स्वतः चालू केलं म्हटल्यावर तिनं ते पुन्हा तपासणं म्हणजे मला खोटं ठरवणं, आणि ते करायला ती धजली नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मी तिला म्हटलं, तुझा पाया जरा कच्चा आहे, सांख्यिकीचं पुस्तक पुन्हा वाच. असं म्हटलं मी. माझ्याच दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या आकड्यांत असाच घोळ झाला होता तेव्हा मी आधी यंत्रावर संशय घेतला होता, हे मला त्या वेळी आठवलं नाही. नंतर आठवलं. तो आमच्याच पेठेतला, आमच्यासारख्याच घरातला होता. मी स्वतःला फार उदार समजत आले आहे.

चूक सापडली ती योगायोगानं. पुढच्या पाळीच्या तयारीला मी जुन्या याद्या उघडून बसले होते. विभागातली माझी खोली, सकाळची वेळ, समोर चहा. यादी सरकवता सरकवता तिच्या अटीवर नजर थांबली. पहिल्या रकान्यात एक होता आणि पुढच्या सात रकान्यांत सात शून्यं होती. मी तारीख पाहिली. लॉगबुकातली माझी नोंद पाहिली. मग तो दवाखाना, तो बाक आणि तो पुकारा हे सगळं एकदम आठवलं. चहा तसाच राहिला.

सात रकान्यांत एक भरायला मला एक मिनिट लागलं. तिकडे पाठवलं, त्यांनी चढवलं, आणि लॉगबुकात मी लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती.' हे दोन शब्द मी का लिहिले ते मला चांगलं माहीत आहे. ते लिहिताना माझा हात अडखळला नव्हता.

त्या दिवशी तिला सांगायला हवं होतं. ती दोन दारं सोडून पुढच्याच खोलीत बसायची. पण दुपारी समितीची बैठक होती, ती झाल्यावर मी थकले होते. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मग शनिवार-रविवार. मग ठरवलं, आधी नेमकं किती गेलं याचा हिशोब करू, म्हणजे तिला नीट सांगता येईल. हिशोब अर्ध्या तासात झाला. सात आठवड्यांतला तीन-चतुर्थांश डेटा गेला होता आणि तोच हंगामातला सगळ्यांत चांगला काळ होता. मग वाटलं, तिकडच्या प्रमुखांना आधी कळवावं. त्यांना पत्र लिहायला घेतलं आणि अर्धवट ठेवलं. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, इतकी वर्षं कधी बोट दाखवायला जागा दिली नव्हती, आणि आता हे. मला लाज वाटत होती. आणि कंटाळा आला होता, हेही खरं आहे. माणूस इतका थकतो, की कबुली द्यायचेसुद्धा श्रम नको वाटतात, हे मला पूर्वी ठाऊक नव्हतं.

त्या दिवसांत ती चौथ्यांदा आली. हातात छापलेल्या कोडची चळत, त्यावर लाल, निळ्या, हिरव्या शाईनं खुणा. तिनं सगळं टेबलावर पसरलं आणि एकेक ओळ मला समजावून सांगू लागली. कोड स्वच्छ होता. इतका स्वच्छ कोड मी फार थोड्या लोकांचा पाहिला आहे. मी मान डोलावत ऐकत राहिले आणि शेवटी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, तिसऱ्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवून म्हटलं, ही एकदा तपासून बघ. त्या ओळीत काहीही चुकलेलं नव्हतं. ती हो म्हणाली आणि कागद गोळा करून गेली.

सांगितलं तो अकरावा दिवस होता. दुपारी मी तिला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. बोलायची गरजच पडली नाही. ती आमच्याच कामातली मुलगी, रकाने तिला वाचता येत होते. मी दवाखान्याचं सांगितलं, नवऱ्याच्या डोळ्यांचं सांगितलं, माझी चूक आहे, पूर्ण माझी आहे, असं सांगितलं. तिनं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

मी सांगितलं. तिनं समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मी कोड घेऊन आले तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो," मी म्हटलं.

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांत आवाजात म्हणाली, की गेल्या आठवड्यात तिनं आईला सांगून टाकलं, की तिला हे जमत नाही, तिच्यात ती बुद्धीच नाही. हडपसरच्या एका आयटी कंपनीत मैत्रिणीनं तिचं नाव दिलं होतं. तिथला होकार तिनं चार दिवसांपूर्वी कळवला होता. महिनाअखेरीपासून जायचं होतं. प्रबंध ती रात्रीची बसून पूर्ण करणार होती. जेवढा डेटा आहे तेवढ्यावर, नवीन काही न सांगणारा. मी म्हटलं, मी मुदत वाढवून घेते, पुढच्या हंगामात अट चालूच राहील, सगळं पुन्हा करू. ती म्हणाली, "पुढच्या हंगामात मी सत्तावीस पूर्ण करते, मॅडम. आईच्या पेन्शनवर मी किती वर्षं काढायची?"

मग दारापाशी जाऊन ती थांबली. म्हणाली, "एक कराल? आईला तुम्ही येऊन सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी सबब सांगते आहे."

रविवारी मी स्वारगेटहून बस धरली. हडपसरला पोचायला तास लागला, उड्डाणपुलाखाली नेहमीची गर्दी. ऊन होतं. मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. चोवीस वर्षांत मी कितीतरी सभांत बोलले आहे, पण दोन खोल्यांच्या त्या घराच्या जिन्यावर ती वाक्यं मी पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिली. आत सगळं लख्ख होतं. शोकेसमध्ये बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं, बाजूला मुलीचे शाळेतले चषक. तिच्या आईनं मला पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः समोर पलंगावर बसल्या. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मी सांगितलं. त्यांना कळेल अशा शब्दांत, रकाने कागदावर काढून, दवाखान्याचंही सगळं सांगितलं. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे तिचं काही चुकलं नव्हतं."

"काहीच नाही," मी म्हटलं. "तिचं सगळं बरोबर होतं. माझ्याकडच्या आजवरच्या मुलांत तिचं काम सगळ्यांत स्वच्छ आहे."

"मग तसं लिहून द्या."

त्यांनी टेबलाच्या खणातून एक फुलस्केप कागद काढला, खाली धरायला वही दिली. म्हणाल्या, "वॉर्डात आमच्या हातून चुकीचं औषध गेलं, तर त्याच पाळीत रजिस्टरात लिहायला लागायचं. रागावणारे रागवायचे. पण पुढच्या सिस्टरला कळायला पाहिजे, पेशंटला नेमकं काय झालं ते. नाहीतर ती भलतंच काहीतरी देत बसणार."

मी लिहिलं. माझ्या हातून अट बंद राहिली, त्यामुळे हिचे आकडे कमी आले, हिच्या कामात दोष नव्हता. पाच ओळी झाल्या. लिहिता लिहिता मी विचारलं, ही थांबली तर बरं होईल, तुम्ही तिला सांगाल का? मला अजून तेवढी आशा होती, कोणास ठाऊक कशी.

"नोकरीला ती जाणार," त्या म्हणाल्या. "शब्द दिलाय तिनं. पण जमलं नाही म्हणून गेली, असं आमच्यात कोणी म्हणायचं नाही. तेवढ्यासाठी कागद पाहिजे."

मी सही केली. त्यांनी सांगितलं म्हणून तारीख घातली. कागद घेऊन त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश, ओठ हलवत वाचला. मुलीनं आतून ती जाड फाइल आणून पलंगावर ठेवली होती. फाइलमधल्या प्लॅस्टिकच्या एका रिकाम्या पिशवीचं तोंड उघडून ती उभी होती. पण त्यांनी कागद तिला दिला नाही. तो परत माझ्यापुढे वहीवर ठेवला.

"आणि ते अकरा दिवस?" त्या म्हणाल्या.

ते मी सांगितले नव्हते. बोलताना नाही आणि लिहितानाही नाही; तेवढं मुलीनं सांगून ठेवलं असणार. मी मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातल्या पिशवीकडे बघत होती. पंखा फिरत होता, कागद उडू नये म्हणून तिच्या आईनं त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं होतं.

मी पेनचं टोपण पुन्हा काढलं. सहीच्या खाली थोडी जागा उरली होती. तिथे लिहिलं, की चूक लक्षात आल्यावरही मी अकरा दिवस हिला सांगितलं नाही, आणि त्या दिवसांत ती स्वतःची चूक शोधत होती. मग त्याखाली मला दुसऱ्यांदा सही करावी लागली.